वाजत नाही, त्याला फोन कशाला म्हणायचं?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आई कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने पुण्याला येत होती. गाडी पहाटे साडेचारच्या सुमारास स्वारगेटला पोचणार होती. उतरल्यावर तिने फोन करायचा आणि मी दहा मिनिटांत बाईक घेऊन हजर व्हायचं, असं ठरलं होतं. मी फोन उशाशी ठेवून झोपलो. जाग आली ती दाराच्या बेलने. सहा वाजून गेले होते. दारात आई, हातात पिशवी, मागे रिक्षावाला सुट्ट्या पैशांसाठी थांबलेला.

तिने अकरा वेळा फोन केला होता. माझ्या फोनवर एकही मिस्ड कॉल दिसत नव्हता. मी बटण दाबून स्क्रीन उजळवली, आणि मग अर्ध्या मिनिटाने मिस्ड कॉलचे एसएमएस एकामागून एक येऊन पडायला लागले.

चहा पिताना आईने विचारलं, "नवीन फोन घेतलास का?"

"नाही गं, जुनाच आहे. त्यातलं अँड्रॉइड काढून लिनक्स टाकलंय. आता तो पूर्ण कॉम्प्युटर आहे. लॅपटॉपवर जे करतो ते सगळं यावर करता येतं."

आईने कप खाली ठेवला. "वाजत नाही, त्याला फोन कशाला म्हणायचं?"

फोन कुठल्या कंपनीचा आणि त्यावर टाकलेलं लिनक्स कुठलं, हे सांगत नाही, कारण उद्योग माझेच होते. पण आईचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. डेस्कटॉपचं लिनक्स, काहीही न गमावता, फोनमध्ये घालता येईल का? हा प्रश्न मला पडायच्या कितीतरी आधी लोकांना पडला होता, आणि त्यापायी काहींनी नोकऱ्या, काहींनी कंपन्या, काहींनी तारुण्याची चांगली वर्षं घातली होती. पुढचे काही महिने मी त्यांचा इतिहास वाचत होतो. हा लेख त्यातूनच आला.

इंजिन आणि गाडी

पहिल्यांदा एक शंका. तुमच्यातले बरेच जण म्हणतील, अँड्रॉइडसुद्धा लिनक्सच आहे ना? आहे आणि नाहीही.

लिनक्स हे खरं तर फक्त कर्नलचं नाव. कर्नल म्हणजे इंजिन. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना ते लिहायला घेतलं. पण नुसत्या इंजिनात बसून कोणी कोल्हापूरहून पुण्याला येत नाही. त्याला चाकं, सीट, दरवाजे, स्टिअरिंग लागतं. १९९३मध्ये सुरू झालेलं डेबियन, किंवा नंतरचं उबुंटू, ही अख्खी गाडी. तिच्यात कर्नलबरोबर मूलभूत लायब्ररी, कमांड, खिडक्या दाखवणारी यंत्रणा, फॉन्ट, आणि हजारो प्रोग्राम हवे तेव्हा टाकायची-काढायची सोय असते. हिला डिस्ट्रो म्हणतात. गाडीची चावी मालकाच्या हातात असते. बॉनेट उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

अँड्रॉइडने यातलं इंजिन तेवढं उचललं आणि वरची बॉडी स्वतःची बांधली. मूलभूत लायब्ररी वेगळी, स्क्रीनची यंत्रणा वेगळी, ॲप टाकायची पद्धत वेगळी. त्यामुळे डेबियनवरचा प्रोग्राम अँड्रॉइडवर जसाच्या तसा चालत नाही. आणि बॉनेटला कुलूप असतं.

अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला ऑक्टोबर २००८मध्ये. पण अख्खी गाडी खिशात घालायचा प्रयत्न त्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झाला होता.

सिम नसलेला फोन

नोकियाचं मुख्य ऑफिस हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये. म्हणजे लिनक्सच्या जन्मगावाच्या शेजारी. नोव्हेंबर २००५मध्ये त्यांनी ७७० नावाचं यंत्र विकायला काढलं. ४.१ इंची आडवा स्क्रीन, ८०० बाय ४८० पिक्सेल, २५२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम. आजच्या फोनमध्ये एखादं साधं ॲप यापेक्षा जास्त रॅम खातं.

या ६४ एमबीत नोकियाच्या लोकांनी डेबियन बसवलं आणि त्याला माएमो नाव दिलं. पॅकेज टाकायची पद्धत डेबियनची, खिडक्यांची यंत्रणा डेस्कटॉपची, बटणं-मेन्यू काढणारी लायब्ररी जीनोम या डेस्कटॉपची. अर्थात काटछाट करावी लागली. नेहमीच्या कमांडच्या जागी बिझीबॉक्स आला. त्यात शेकडो छोट्या कमांड एकाच छोट्या प्रोग्राममध्ये कोंबलेल्या असतात. कमांड तीच, पण तिचे कमी वापरले जाणारे पर्याय गाळलेले. खिडक्या एकावर एक पसरायची सोय काढली. एका वेळी एकच खिडकी, पूर्ण स्क्रीनभर.

माझ्यासारख्याला हे वाचताना मजा येते, कारण प्रत्येक काटछाटीमागे कुठेतरी मीटिंग झाली असणार. हे ठेवू, ते काढू. पण सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी आधीच बाहेर ठेवली होती. ७७०मध्ये सिम टाकायला जागाच नव्हती. इंटरनेट वायफायवरून घ्या, नाहीतर ब्लूटूथने खिशातल्या दुसऱ्या फोनवरून घ्या. २००७मधल्या एन ८०० आणि एन ८१० या पुढच्या भावंडांतही सिम नव्हतं. डेस्कटॉपचं लिनक्स छोटं करणं जमलं, ते आधी अशा यंत्रावर, ज्याला वाजायचं नव्हतं.

कपॅसिटर आणि सोल्डर

वाजणाऱ्या यंत्रावर लिनक्स घालायचा सगळ्यात हट्टी प्रयत्न तैवानमधून झाला. ओपनमोको या प्रकल्पाने २००७मध्ये निओ १९७३ आणि २००८मध्ये फ्रीरनर हे फोन आणले. सॉफ्टवेअर खुलं, आणि हार्डवेअरही शक्य तेवढं खुलं. फ्रीरनर विकला जाऊ लागला त्याच वर्षी डेबियनच्या स्वयंसेवकांनी त्यावर डेबियन चालवून दाखवलं. खऱ्याखुऱ्या सिमच्या फोनवर, खरंखुरं डेबियन.

पण फ्रीरनरला एक दुखणं होतं. वापरणारे त्याला नंबरानेच ओळखायचे: बग १०२४. फोनमध्ये खरं तर दोन कॉम्प्युटर असतात. एक तुमच्यासमोरचा, आणि दुसरा मॉडेममधला, जो टॉवरशी बोलत असतो. बॅटरी वाचवायला मॉडेम मध्ये मध्ये गाढ झोपतो. फ्रीरनरचा मॉडेम या झोपेतून उठताना काही वेळा टॉवरशी असलेला संपर्क गमावायचा, मग परत नोंदणी करायचा, परत गमावायचा. तेवढ्या वेळात कोणी फोन केला तर तो लागत नसे. त्यावर उपाय म्हणजे मॉडेमला झोपूच द्यायचं नाही. मग बॅटरी भराभर संपायची. पक्का उपाय होता बोर्डवरचा एक छोटा कपॅसिटर काढून त्या जागी मोठा बसवणं. फ्रीरनरमध्ये बोलताना गुणगुण ऐकू यायचा आणखी एक दोष होता, त्यालाही सोल्डरिंगच लागायचं. त्यासाठी लोक एकत्र जमून, सोल्डरिंग येणाऱ्या मित्राकडून, एकमेकांचे फोन दुरुस्त करून घ्यायचे.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. माझ्या सोळा-सतरा वर्षं आधी युरोपात कुठेतरी कुणाची तरी आई अशीच फोन लावत बसली असणार.

एन ९००

नोव्हेंबर २००९मध्ये नोकियाने अखेर सिम घातलं. एन ९००. माझ्या वयाच्या लोकांना हा फोन आठवायचा नाही, पण लिनक्सवाल्यांच्या एका पिढीला त्याचं नाव काढलं की अजून भरून येतं. ६०० मेगाहर्ट्झ प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ३२ जीबी साठवण, खालून सरकून बाहेर येणारा कीबोर्ड. टर्मिनल फोनबरोबरच यायचं. एक छोटं पॅकेज टाकलं की रूट, म्हणजे यंत्राची पूर्ण मालकी. लोकांनी त्यावर डेबियनचा अख्खा डेस्कटॉप एका फाइलमध्ये घालून चालवला आणि साडेतीन इंची स्क्रीनवर ओपनऑफिस उघडून दाखवलं. ते सोयीचं होतं असं कोणीच म्हणणार नाही. पण उघडत होतं.

इथेही काटछाटीच्या गोष्टी आहेत. मूळ सिस्टीमसाठीची वेगवान मेमरी होती फक्त २५६ एमबी. डेस्कटॉपची सवय अशी, की प्रत्येक प्रोग्राम आपले भाग ठरलेल्या फोल्डरांत टाकतो. तसं केलं तर दहा-वीस प्रोग्रामांत ती जागा भरून फोन चालूच होईना. म्हणून नियम निघाला, की प्रोग्रामचा जड भाग दुसऱ्या, मोठ्या मेमरीत टाकायचा आणि मूळ जागी फक्त पत्ता ठेवायचा. प्रोग्रामबरोबर येणारी माहितीपत्रकं फोन टाकता टाकताच पुसायचा. वन रूम किचनमध्ये सामान लावणाऱ्या कुटुंबासारखं सगळं चाललेलं. पलंगाखाली पेटी, माळ्यावर गाद्या, पण काही फेकून द्यायचं नाही.

आणि हा फोन वाजायचा. बराचसा वेळ फोनचं ॲप सोडून बाकी सगळं आडवंच दिसायचं, यावरून त्याचा मूळ पिंड कळतो. पण तो वाजायचा.

मग तो मेला कशाने? तंत्रज्ञानाने नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये नोकिया आणि इंटेलने आपापली लिनक्सं एकत्र करून मीगो नावाची नवी सुरुवात केली. पॅकेजची पद्धतसुद्धा बदलली, म्हणजे बरीचशी मांडामांड परत पहिल्यापासून. सप्टेंबरमध्ये नोकियाला नवे प्रमुख आले, स्टीफन एलॉप. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी जाहीर केलं, की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन विंडोजवर चालतील. त्यानंतर चार महिन्यांनी लिनक्सवरचा एन ९ जाहीर झाला, तोपर्यंत त्याला पुढचा भाऊ नाही हे जगाला माहीत होतं. तिथून बाहेर पडलेल्या काहींनी योला ही कंपनी काढली आणि २०१३च्या शेवटी स्वतःचा फोन आणला. ती वेगळी गोष्ट आहे.

झोपेवरून भांडण

आता माझ्या दृष्टीने या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण. यात फोन नाही, फक्त ईमेल आहेत.

२००९-१०मध्ये अँड्रॉइडच्या लोकांनी आपल्या कर्नलमधला एक बदल मूळ लिनक्समध्ये घ्यावा म्हणून पाठवला. त्याचं नाव वेकलॉक. कल्पना अशी, की फोनची नैसर्गिक अवस्था म्हणजे झोप. काम असेल त्या प्रोग्रामने हात वर करून 'मला जागं ठेवा' म्हणायचं. सगळ्यांचे हात खाली आले की यंत्र लगेच गाढ झोपणार.

कर्नलमधल्या जुन्या जाणत्यांना हे पटेना. त्यांच्या मते कॉम्प्युटरची नैसर्गिक अवस्था जाग हीच आहे. प्रोग्राम नीट लिहिले असतील तर काम नसताना प्रोसेसर आपोआप स्वस्थ बसतो, भागागणिक वीज बंद होते, वेगळ्या कुलपाची गरज काय? आणि हे म्हणणं हवेतलं नव्हतं. एन ९०० याच पद्धतीने चालायचा. तो कधी पूर्ण झोपतच नसे, जागेपणीच डुलक्या काढायचा. म्हणून तर तो वाजायचा. मात्र एखाद्या बेशिस्त प्रोग्रामने सतत चुळबूळ केली, की दिवस संपायच्या आत बॅटरी खलास. अँड्रॉइडवाल्यांचं म्हणणं होतं, जगातला प्रत्येक ॲप लिहिणारा शिस्तीचा असेल असं आम्ही धरून चालू शकत नाही.

शेकडो ईमेलींचा वाद झाला. शेवटी त्याच कामाची, वेगळ्या नावाची आणि वेगळ्या बांधणीची सोय लिनक्समध्ये आली. त्यातला मोठा तुकडा २०१२च्या ३.५ आवृत्तीत दाखल झाला.

मला हे भांडण तांत्रिक कमी आणि स्वभावाचं जास्त वाटतं. डेस्कटॉप आपल्या मालकाची वाट बघतो. मालक समोर बसला, कीबोर्डला हात लावला, की कामाला लागतो. मालक उठून गेला, की कुणाला आपली गरज नाही असं समजतो. फोन वाट बघतो ती दुसऱ्या कुणाची तरी. मालक झोपलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला जागं राहायचं असतं. स्क्रीन लहान करता येतो, प्रोग्राम हलके करता येतात. पण वाट कुणाची बघायची, हे डेस्कटॉपच्या प्रत्येक थरात खोलवर मुरलेलं आहे.

उसने ड्रायव्हर

२०१३च्या जुलैमध्ये उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने लोकवर्गणी काढली. उबुंटू एज नावाचा फोन, जो मॉनिटरला जोडला की पूर्ण डेस्कटॉप होईल. मागितले होते ३ कोटी २० लाख डॉलर. महिनाभरात जमले साधारण १ कोटी २८ लाख. लक्ष्य गाठलं नाही म्हणून सगळे पैसे परत गेले, फोन झालाच नाही. एका कागदावरच्या फोनसाठी लोक एवढे पैसे द्यायला तयार होते, ही गोष्ट मात्र लक्षात राहिली.

उबुंटूचे फोन शेवटी २०१५मध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर आले. त्यांत एक मेख होती. पीसीवर नवं लिनक्स टाकलं की ते स्वतःच विचारपूस करतं, इथे कोणकोण आहे? ग्राफिक कार्ड, डिस्क, वायफाय आपली ओळख सांगतात, कारण पीसीच्या जगात तसे ठरलेले संकेत आहेत. फोनच्या चिपमध्ये बरेचसे भाग अशी ओळख सांगतच नाहीत. कुठल्या तारेवर काय बसलंय, हे आधीच कुणीतरी लिहून द्यावं लागतं. प्रत्येक फोनचं वेगळं. २०११मध्ये टॉरवाल्ड्सने या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला होता, आणि त्यानंतर हे वर्णन वेगळ्या, नेटक्या फाइलीत लिहायची पद्धत रुजली. पण फोन बनवणारे बहुतेक जण कर्नलची एक जुनी प्रत घेतात, तिच्यात आपले बदल ठोकतात, फोन विकतात आणि पुढच्या मॉडेलकडे वळतात. बदल मूळ लिनक्सकडे परत येत नाहीत.

मग डेस्कटॉपवाल्यांनी काय करायचं? २०१२मध्ये कार्स्टन मुंक याने एक युक्ती प्रसिद्ध केली, लिबहायब्रिस. तिच्यामुळे अँड्रॉइडसाठी लिहिलेले ड्रायव्हर नेहमीच्या लिनक्समधून वापरता येतात. योलाने आणि उबुंटूने तीच वापरली. पण उसन्या ड्रायव्हरबरोबर त्यांचा जुना कर्नलही गळ्यात पडतो. शिवाय उबुंटूच्या फोनवर मूळ सिस्टीम फक्त वाचता येणारी ठेवली होती. डेस्कटॉपसारखं हवं ते पॅकेज टाका, ही सवय तिथे चालत नव्हती. वाजणारा फोन मिळाला, बॉनेट परत अर्धवट बंद झालं.

एप्रिल २०१७मध्ये कॅनॉनिकलने हे काम थांबवलं. यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ते पुढे चालू ठेवलं आहे.

घडीची खिडकी

त्याच वर्षी, एक दार बंद होताना, दोन उघडली. मे २०१७मध्ये ऑलिव्हर स्मिथने पोस्टमार्केटओएस जाहीर केलं. त्याचं म्हणणं साधं होतं, फोन दहा वर्षं चालला पाहिजे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर, मूळ कर्नलच्या शक्य तितक्या जवळ राहून, अल्पाइन हे छोटंसं लिनक्स चालवायचं. आणि ऑगस्टमध्ये प्युरिझम कंपनीने लिब्रेम ५ या फोनसाठी लोकवर्गणी काढली. मागितले १५ लाख डॉलर, मिळाले २० लाखांहून जास्त. त्यावरचं लिनक्स डेबियनच्या घराण्यातलंच.

लिब्रेमच्या लोकांनी एक निर्णय घेतला, तो मला फार आवडतो. फोनसाठी वेगळी ॲप लिहायची नाहीत. डेस्कटॉपवरच्या त्याच प्रोग्रामांना घडी घालायला शिकवायचं. त्यासाठी त्यांनी लिबहँडी ही लायब्ररी लिहिली. सेटिंग्जची खिडकी लॅपटॉपवर दोन भागांत दिसते, डावीकडे यादी, उजवीकडे तपशील. तीच खिडकी ३६० पिक्सेलपर्यंत अरुंद केली, की आपोआप एकच भाग राहतो आणि मागे जायचं बटण येतं. प्रोग्राम तोच. पुढे ही कल्पना लिबअद्वैता या नावाने जीनोमच्या मुख्य प्रवाहात गेली. आज तुम्ही लॅपटॉपवर फेडोरा किंवा डेबियन टाकून जीनोमची एखादी खिडकी चिंचोळी करून बघा, ती घडी पडेल. फोनसाठी केलेलं काम डेस्कटॉपला परत मिळालं, असा हा दुर्मीळ प्रसंग.

जानेवारी २०२०मध्ये पाइनफोन लोकांच्या हातात पडू लागला. किंमत सुमारे १५० डॉलर, आणि मूळ लिनक्सला आधीपासून ओळखीची असलेली चिप. त्यावर डझनभर डिस्ट्रो आल्या. आणि त्याबरोबर जुना प्रश्नही आला: झोप. त्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक चिमुकला वेगळा प्रोसेसर आहे. सॅम्युएल हॉलंड या प्रोग्रामरने त्याच्यासाठी क्रस्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. घरातले सगळे झोपल्यावर जागा राहणारा हा राखणदार. मुख्य यंत्र बंद करायचं, आणि मॉडेमने हाक मारली की उठवायचं. त्याने बॅटरी कितीतरी जास्त टिकू लागली. पण उठल्यावर कर्नलने डोळे चोळायचे, मॉडेमची परत ओळख करून घ्यायची, फोनच्या प्रोग्रामने कोण आलंय विचारायचं, आवाजाची यंत्रणा चालू व्हायची आणि मग रिंग. तोवर पलीकडचा माणूस कधीकधी फोन ठेवून मोकळा.

जे आयतं मिळालं

गमावलेल्याचाच हिशेब मांडतोय, तर कमावलेलंही सांगायला हवं.

मी शाळेत असताना माझ्या मावसभावाने अँड्रॉइडचा फोन घेतला होता, २.२ की २.३ आवृत्ती. त्यावर मराठी मजकूर आला की नुसते चौकोन दिसायचे. डेस्कटॉपच्या लिनक्सवर त्या वेळी जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं जागच्या जागी दिसत होतं. कारण देवनागरी मांडणारी पँगो आणि हार्फबझसारखी यंत्रणा तिथे बरीच आधी आली होती, आणि रेड हॅटने २००४मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले होते. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी पुढे त्यावर बरंच काम केलं. माझ्या फोनवर लिनक्स टाकलं तेव्हा फॉन्टचं एक पॅकेज टाकलं, आणि आईचा मराठी एसएमएस पहिल्याच फटक्यात नीट दिसला. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी पीसीसाठी केलेलं काम माझ्या खिशात आयतं येऊन बसलं. अख्खी गाडी घ्यायची ती यासाठी.

आणि जे खरंच मिळत नाही तेही सांगतो. बँकेचं ॲप नाही. यूपीआय नाही. अँड्रॉइडची ॲप लिनक्समध्ये चालवायची सोय आहे, पण बँकांची बरीचशी ॲप हे अधिकृत अँड्रॉइड नाही असं ओळखतात आणि दार लावून घेतात. वडापावच्या गाडीसमोर उभं राहून खिशात पूर्ण डेबियन आहे असं सांगून भागत नाही. हे कुठल्या प्रोग्रामरने सोडवायचं कोडं नाही. तुमच्या फोनचा मालक कोण, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकल्याचा परिणाम आहे.

त्या रात्रीचा लॉग

लिनक्स वापरायचा मोठा फायदा म्हणजे काय बिघडलं ते वाचता येतं. आई परत गेल्यावर मी त्या पहाटेचा लॉग उघडला.

४ वाजून ३८ मिनिटं. मॉडेमने हाक मारली, सिस्टीम जागी झाली. काही सेकंदांनी ओळ होती: वापरकर्ता निष्क्रिय, झोपायला जात आहे. ४:४०. जाग, निष्क्रिय, झोप. ४:४५. परत तेच. अशा अकरा जोड्या. फोन अकराही वेळा उठला होता. प्रत्येक वेळी त्याने बघितलं, की स्क्रीनला कुणी हात लावत नाहीये, म्हणजे कुणाला माझी गरज नाही, आणि रिंग वाजायच्या आत तो परत झोपला. लॅपटॉपचा नियम, शब्दशः पाळलेला. चूक अशी कुणाचीच नव्हती. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, की मालक झोपलेला असतानाही कुणीतरी स्टँडवरच्या बाकड्यावर बसलेलं असू शकतं.

मी पंधरा-वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. मॉडेमने उठवलं असेल तर अर्धा मिनिट झोपायचं नाही, बस. वेकलॉकवाल्यांचाच हात वर करणं, माझ्या गावठी पद्धतीने. अँड्रॉइडवाले भांडत होते ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. आणि बॉनेटला कुलूप असतं तर हे मला करताच आलं नसतं, हेही.

एन ९०० अजून जिवंत आहे. काही लोकांनी माएमो लेस्ते नावाने त्याच्यासाठी आजच्या लिनक्सवर जुनाच चेहरा परत बांधलाय, आणि पोस्टमार्केटओएसही त्यावर चालतं. फोन करायला तो फार कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही. पण बंद करून टाकलेला, विकून संपलेला फोन सोळा वर्षांनी नव्या कर्नलवर सुरू होतो, ही बॉनेट उघडं असल्याची पुण्याई.

मी आता दोन फोन बाळगतो. एक वाजण्यासाठी आणि यूपीआयसाठी, दुसरा माझा. आईला पहिल्याचा नंबर दिलाय, आणि पहाटेच्या गाडीला मी आता गाडी यायच्या आधीच स्वारगेटला जाऊन थांबतो. तरी ती अधूनमधून मुद्दाम जुन्या नंबरवर फोन करते. मागच्या रविवारी केला. मी सहाव्या रिंगला उचलला. माझ्याकडे ती पहिलीच होती.

"सुधारलाय की," आई म्हणाली.